विश्लेषण : 'सर्वोत्तम अल्बम' नेमका कोण ठरवतो? श्रोत्यांच्या पसंतीमागचे गणित

वर्ष एकच, श्रोतेही तेच. तरी प्रत्येक यादीत पहिला क्रमांक वेगळ्याच अल्बमचा. असे का होते? मोबाइलवर तुम्ही वाजवलेले एक गाणे कुठे, कसे आणि किती मोजले जाते?

दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागे केळीची झाडे. कोकणातल्या एखाद्या घराच्या परसातले वाटावे असे हे चित्र एका अल्बमचे मुखपृष्ठ आहे. प्युर्टो रिकोचा गायक बॅड बनी याचा 'देबी तिरार मास फोतोस' हा अल्बम ५ जानेवारी २०२५ रोजी आला. नावाचा अर्थ, 'आणखी फोटो काढायला हवे होते'. त्या वर्षी स्पॉटिफायवर जगभरात सर्वाधिक ऐकला गेलेला अल्बम हाच ठरला. १ फेब्रुवारी २०२६ रोजी ग्रॅमीचा 'अल्बम ऑफ द इयर' हा पुरस्कारही त्यालाच मिळाला. संपूर्ण स्पॅनिश भाषेतील अल्बमला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

श्रोत्यांची पसंती आणि जाणकारांची निवड अशी एकाच अल्बमवर येऊन मिळाली की सगळे सोपे वाटते. पण असे क्वचितच घडते. बहुतेक वर्षी 'श्रोत्यांचा सर्वात आवडता' म्हणून तीन-चार वेगवेगळी नावे समोर येतात आणि प्रत्येकाच्या बाजूने आकडे असतात. ते आकडे खोटे नसतात. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

एकाच वर्षाचे चार विजेते कसे?

२०२४ हे वर्ष त्याचे चांगले उदाहरण आहे. एप्रिलमध्ये टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' आला. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याची २६.१ लाख अल्बम-युनिट्स नोंदली गेली आणि बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो एकूण १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. आकड्यांच्या भाषेत स्पर्धाच संपली होती. ग्रॅमीमध्ये मात्र सहा नामांकने मिळूनही त्याच्या हाती एकही पुरस्कार लागला नाही.

समीक्षकांनी त्या वर्षी सर्वाधिक उचलून धरला तो चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट'. अमेरिकेच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला. पण त्याची चर्चा इतकी पसरली, की कॉलिन्स शब्दकोशाने 'ब्रॅट' हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

ग्रॅमीच्या मतदारांनी तिसरेच नाव पुढे केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'अल्बम ऑफ द इयर' ठरला बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर'. याआधी याच गटात चार वेळा नामांकन मिळूनही तिला हा पुरस्कार हुकला होता.

चौथे नाव चॅपल रोनचे. 'द राइज अँड फॉल ऑफ अ मिडवेस्ट प्रिन्सेस' हा तिचा अल्बम सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा बिलबोर्डच्या २०० अल्बमच्या यादीत त्याला जागाही मिळाली नव्हती. पुढच्या वसंतात ती ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या दौऱ्यात सुरुवातीला गायली, मग कोचेला महोत्सवात गायली. ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगितले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तोच अल्बम दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. म्हणजे प्रकाशित झाल्यावर जवळपास ११ महिन्यांनी.

एक सर्वाधिक खपलेला, एक समीक्षकांचा लाडका, एक जाणकारांनी मत दिलेला आणि एक तोंडोतोंडी वर आलेला. यातला 'श्रोत्यांचा' कोणता?

'ऐकले' असे केव्हा धरले जाते?

स्पॉटिफायवर एखादे गाणे ३० सेकंद वाजले की एक स्ट्रीम मोजला जातो. गाणे आवडून डोळे मिटून ऐकले, जिममध्ये पार्श्वभूमीला वाजले किंवा बसमध्ये झोप लागल्यावर यादी आपोआप पुढे सरकत राहिली. नोंद तिन्ही वेळा सारखीच. स्ट्रीम म्हणजे वाजण्याची नोंद. मत त्यात असेलच असे नाही.

या स्ट्रीम्सचा 'अल्बम' कसा होतो, ते समजून घ्यायला हवे. सीडी किंवा कॅसेटच्या काळात हिशेब सरळ होता. एक नग विकला की एक अल्बम. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डने मुख्य अल्बम यादीत स्ट्रीम्सही धरायला सुरुवात केली. तेव्हाचा दर होता १,५०० स्ट्रीम्सला एक अल्बम. २०१८ मध्ये त्याचे दोन भाग झाले : पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० किंवा जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम्स म्हणजे एक अल्बम. जानेवारी २०२६ पासून हे आकडे अनुक्रमे १,००० आणि २,५०० असे झाले आहेत.

याचा अर्थ सरळ आहे. पैसे भरणाऱ्या एका श्रोत्याचे ऐकणे या यादीत फुकट ऐकणाऱ्या अडीच श्रोत्यांइतके धरले जाते. हा फरक मान्य नसल्याचे सांगत यूट्यूबने जानेवारी २०२६ पासून बिलबोर्डला आपली आकडेवारी देणे थांबवले. परिणामी यूट्यूबवर ऐकणाऱ्यांचा कौल आता अमेरिकेच्या या यादीत धरलाच जात नाही.

अल्बम इतके लांब का होत गेले?

वरच्या नियमात एक वाट दडलेली आहे. समजा, दहा गाण्यांचा अल्बम आहे. कुणी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला की दहा स्ट्रीम्स होतात. म्हणजे एक युनिट व्हायला १०० वेळा पूर्ण ऐकला जायला हवा. आता ३७ गाण्यांचा अल्बम घ्या. तो २७ वेळा पूर्ण वाजला की जवळजवळ हजार स्ट्रीम्स होतात. श्रोत्यांची आवड तेवढीच, युनिट्स मात्र जवळपास चौपट.

३७ हा आकडा हवेतला नाही. अमेरिकी कंट्री गायक मॉर्गन वॉलेन याच्या २०२५ च्या 'आय ॲम द प्रॉब्लेम'मध्ये ३७ गाणी आहेत; त्याआधीच्या अल्बममध्ये ३६ होती. टेलर स्विफ्टचा २०२४ चा अल्बम मध्यरात्री आला आणि दोनच तासांत त्याची वाढीव आवृत्ती येऊन एकूण गाणी ३१ झाली. गायकाकडे सांगायला खरोखरच तेवढे असू शकते, आणि चाहते ते आनंदाने ऐकतातही. पण दहा गाण्यांत नेमके बोलणाऱ्या कलाकाराला ही पद्धत तोट्याची पडते, हे गणितच सांगते.

विक्रीचा आकडाही वाटतो तितका सरळ नाही. टेलर स्विफ्टच्या त्या २६.१ लाखांपैकी सुमारे १९ लाख प्रत्यक्ष विक्रीचे होते आणि त्यातही साडेआठ लाखांहून अधिक तबकड्या होत्या. वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या आणि जादा गाण्यांच्या आवृत्त्या निघतात आणि निष्ठावान चाहता एकाहून अधिक घेतो. यातून चाहत्यांची निष्ठा किती घट्ट आहे ते कळते. एकूण किती लोकांना अल्बम आवडला, हे कळत नाही.

एकच गाणे अख्खा अल्बम तारून नेते का?

हो, आणि ब्रिटनने यावर उपाय शोधला. मार्च २०१५ मध्ये तिथल्या अधिकृत अल्बम यादीत स्ट्रीम्स धरायला सुरुवात झाली तेव्हा एक अट घातली गेली. अल्बममधली सर्वाधिक ऐकलेली १२ गाणी घ्यायची आणि त्यातल्या पहिल्या दोन गाण्यांचा आकडा उरलेल्या गाण्यांच्या सरासरीपर्यंत खाली आणायचा.

उदाहरण घेऊ. एका अल्बममध्ये १२ गाणी आहेत. एक गाणे एक कोटी वेळा वाजले आणि उरलेली ११ गाणी प्रत्येकी एक लाख वेळा. सरळ बेरीज केली तर १ कोटी ११ लाख. ब्रिटनच्या त्या नियमाने मात्र फक्त १२ लाख. एक गाणे गाजले म्हणून अल्बम गाजला असे होत नाही, हे या नियमाने मान्य केले.

उलट्या बाजूचा धडाही ब्रिटननेच घेतला. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा 'डिव्हाइड' आला आणि त्याची सर्वच्या सर्व १६ गाणी एकाच आठवड्यात पहिल्या २० गाण्यांत जाऊन बसली. लोक गाणी निवडत नव्हते, अख्खा अल्बम लावून ठेवत होते. त्याच वर्षी नियम बदलला. आता एका मुख्य गायकाची तीनच गाणी त्या यादीत येऊ शकतात.

तारे देणाऱ्या श्रोत्यांचे मत तरी खरे का?

वाजण्याची नोंद हे मत नव्हे, तर मग थेट मत विचारावे. 'रेट युअर म्युझिक'सारख्या संकेतस्थळांवर श्रोते अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देतात. 'मेटाक्रिटिक'वर समीक्षकांच्या गुणांशेजारी वापरकर्त्यांचे गुण दिसतात. इथे निदान माणूस थांबून विचार करतो.

पण इथेही दोन अडचणी आहेत. पहिली, गुण देणारे लोक सर्वसाधारण श्रोत्यांचे प्रतिनिधी नसतात. घरी स्वयंपाक करताना गाणी ऐकणारी गृहिणी किंवा रात्रपाळीचा रिक्षाचालक तारे द्यायला जात नाही. जातो तो बहुधा तरुण, इंग्रजी जाणणारा, संगीताचा नाद असलेला श्रोता. दुसरी अडचण फौजांची. मोठ्या कलाकाराचा अल्बम आला की त्याचे चाहते न ऐकताच दहापैकी दहा देतात आणि विरोधक शून्य. अशा वेळी सरासरीला फारसा अर्थ उरत नाही.

तरीही या याद्यांना एक गोष्ट साधते. त्या काळ गेल्यानंतरचे मत टिपतात. केन्ड्रिक लामारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' २०१६ च्या ग्रॅमीमध्ये 'अल्बम ऑफ द इयर'च्या लढतीत टेलर स्विफ्टच्या '१९८९'पुढे हरला. 'रेट युअर म्युझिक'च्या सर्वकालीन यादीत मात्र तो अनेक वर्षे अगदी वर टिकून आहे.

ग्रॅमीत श्रोत्यांना मत असते का?

नाही. तिथे मतदान करतात रेकॉर्डिंग अकादमीचे १३ हजारांहून अधिक सदस्य. त्यात गायक, वादक, गीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रक असतात. खप किंवा स्ट्रीम्स हा निकष नसतो. म्हणून ग्रॅमीला लोकांचा कौल समजणे चूक आणि लोकांनी ऐकले ते ग्रॅमीने डावलले म्हणून चिडणेही चूक. ती व्यावसायिकांनी व्यावसायिकांना दिलेली दाद आहे.

भारतात हा हिशेब कसा होतो?

आपल्याकडे श्रोत्यांचा कौल मोजण्याची परंपरा जुनी आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'त अमीन सायानी गाण्यांचे क्रमांक जाहीर करत. त्यासाठी दुकानांतून तबकड्यांच्या विक्रीची माहिती घेतली जाई आणि जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही धरली जाई. विक्री खिशातून येते, पसंती मनातून. दोन्ही एकत्र पाहायला हवे, हे शहाणपण तेव्हाच होते. पण तिथेही क्रमांक गाण्याला होता, अल्बमला नाही.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. बिलबोर्डने फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतासाठी साप्ताहिक यादी सुरू केली, तीही गाण्यांचीच. आपल्याकडे अल्बम बहुतेकदा चित्रपटाचा असतो आणि एकाच चित्रपटाला अनेक संगीतकार असतात. २०२५ च्या 'सैयारा'ची गाणी अनेक संगीतकारांनी बांधली. अशा वेळी श्रोता 'अल्बम आवडला' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेकदा त्यातली दोन गाणी आवडलेली असतात. याउलट 'सैराट'मध्ये अजय-अतुल यांची चारच गाणी होती आणि चारही घराघरांत गेली. लांबीच्या शर्यतीत चार गाण्यांचा अल्बम कुठेच बसत नाही. श्रोत्यांच्या आठवणीत मात्र तो पूर्ण बसला.

आपला सर्वात लाडका आकडा म्हणजे यूट्यूबचे व्ह्यूज. त्याची मर्यादा २०१९ मध्ये उघड झाली. त्या वर्षी जुलैमध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. त्यातले बरेच व्ह्यूज जाहिरातीच्या रूपाने दाखवलेल्या व्हिडिओचे असल्याचे समोर आले आणि ही संगीत व्यवसायातली रूढ पद्धत असल्याची चर्चा झाली. यूट्यूबने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम बदलला. २४ तासांचे विक्रम आणि संगीताच्या याद्या यांत जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरणे बंद झाले.

यात छोट्या कलाकाराचे काय होते?

मोठ्या नावांच्या बाबतीत हा सगळा वाद मानाचा आहे. छोट्या कलाकाराच्या बाबतीत तो पोटाचा आहे.

२०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला गेल्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स मिळाले नाहीत, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. आता आठ गाण्यांचा एक मराठी अल्बम डोळ्यांसमोर आणा. कवितांना चाली लावलेल्या, जाहिरातीला पैसे नाहीत. त्याचे १५० श्रोते आहेत आणि प्रत्येकाने वर्षात तो एकदा पूर्ण ऐकला. प्रत्येक गाण्याला १५० स्ट्रीम्स झाले, एकूण १,२००. तरी कमाई शून्य, कारण एकही गाणे हजारावर गेले नाही. तेच १,२०० स्ट्रीम्स एकाच गाण्याला मिळाले असते तर ते मोबदल्याला पात्र ठरू शकले असते.

म्हणजे अख्खा अल्बम मनापासून ऐकणारे १५० जण हिशेबात दिसतच नाहीत. त्याच १५० जणांनी तो वर्षात सात वेळा ऐकला, तर प्रत्येक गाण्याचे १,०५० स्ट्रीम्स होतात आणि आठही गाणी हजाराची अट ओलांडतात. 'गारवा' किंवा 'आयुष्यावर बोलू काही' यांची कॅसेट लोक घासून जाईपर्यंत ऐकत. तेव्हा कलाकाराला पैसे एकदाच, विकत घेताना मिळत. आज खिशातून वेगळे पैसे जात नाहीत, पण परत परत ऐकण्यालाच मोल आले आहे.

नव्या अल्बमना आणखी एका अडचणीला तोंड द्यावे लागते. अमेरिकेतील ल्युमिनेट या संस्थेच्या आकडेवारीनुसार तिथल्या एकूण संगीत-श्रवणात जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा १८ महिन्यांहून जुन्या संगीताचा आहे. 'नवे सर्वोत्तम कोणते' ही चर्चा उरलेल्या एक चतुर्थांशातच चालते.

मग बॅड बनीच्या बाबतीत सगळ्यांचे एकमत कसे झाले?

आकडे त्याच्याही बाजूने लगेच नव्हते. अमेरिकेत यादीचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार धरला जातो. त्याने अल्बम रविवारी प्रकाशित केला, त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याला पाचच दिवस मिळाले आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढच्या आठवड्यात तो पहिला झाला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, जी कोणत्याही यादीत दिसत नाही. शीर्षकगीताच्या सुरावर लोकांनी समाजमाध्यमांवर आपले जुने फोटो टाकायला सुरुवात केली. गेलेले आजी-आजोबा, सोडून आलेली घरे, ओस पडलेली अंगणे. हा अल्बम प्युर्टो रिकोचा आहे. त्यात तिथली प्लेना आणि साल्सासारखी पारंपरिक वाद्यमेळाची गाणी आहेत आणि कामासाठी बेट सोडून गेलेल्यांची हुरहुर आहे. पण भाषा न समजणाऱ्यांनीही तो आपल्या फोटोंसोबत लावला. त्यातली १७ गाणी एकमेकांना धरून आहेत, एकच गोष्ट सांगतात. म्हणून लोक एका गाण्यावरून आत आले आणि उरलेल्या अल्बमसाठी थांबले.

श्रोत्याच्या हातात काय आहे?

यापुढे 'नंबर वन अल्बम' अशी बातमी मोबाइलवर दिसली की तीन प्रश्न विचारता येतील. हा आकडा वाजण्याचा आहे, विक्रीचा आहे की मतांचा? अल्बममध्ये गाणी किती? आणि हा पहिल्या आठवड्याचा आकडा आहे की सहा महिन्यांनंतरचा? चॅपल रोनचा अल्बम पहिल्या आठवड्यावरून जोखला असता, तर त्याची दखलही घेतली गेली नसती.

स्वतःचे मत बनवायचे असेल तर एक छोटी गोष्ट पुरेशी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये '३०' हा अल्बम आला तेव्हा अडेल हिने आग्रह धरला, की कलाकार गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावतो आणि तो तसाच ऐकला जावा. त्यानंतर स्पॉटिफायने पैसे भरणाऱ्या श्रोत्यांसाठी अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटसुलट वाजवणारे बटण मागे घेतले आणि क्रमाने वाजवणारे पुढे आणले. फुकट ऐकणाऱ्यांना ही सोय सगळीकडे मिळतेच असे नाही, पण जिथे मिळते तिथे शफल बंद करून एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकून पाहता येतो.

आणि तो आवडलाच, तर पुन्हा ऐकावा, कुणाला तरी नाव सांगावे. छोट्या कलाकाराचा असेल तर सातव्यांदाही ऐकावा. वरच्या हिशेबात हजाराची अट नेमकी त्या सातव्या वेळीच ओलांडली जाते.